विश्लेषण : नाशिकच्या लेण्यांत ‘यवन’ कुठून आला? भूमध्य सागराशी असलेल्या नात्याचे पुरावे काय सांगतात?

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेणीत, १७ क्रमांकाचे लेणे एका ‘योनका’ने, अर्थात यवनाने खोदवून दिले. त्याच रांगेतील तीन क्रमांकाच्या लेण्यात मात्र यवनांचा संहार करणाऱ्या सातवाहन राजाची थोरवी कोरलेली आहे. दोन्ही लेख आजही आपापल्या जागी आहेत. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये रस्ते, पूल आणि घाटांच्या कामांना वेग आला असताना या शहराच्या जुन्या थरांचे काय होणार, हा प्रश्न पुन्हा समोर येतो. कारण नाशिकचा भूमध्य सागराशी असलेला संबंध ग्रंथांपेक्षा इथल्या दगडांत, नाण्यांत आणि मातीतच अधिक शिल्लक आहे.

१७ क्रमांकाच्या लेण्यातील लेख काय सांगतो?

हा लेख प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत आहे. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने तिरण्हु डोंगरात हे लेणे, त्यातील चैत्य आणि पाण्याची टाकी खोदवली, असे त्यात नमूद आहे. तिरण्हु हे त्रिरश्मीचे लेखातील रूप. आई-वडिलांसाठी केलेले हे दान त्याने आपला मुलगा धम्मरक्षित याच्यासह भिक्षुसंघाला अर्पण केले. दात्याची ओळख लेखातच दिली आहे. तो उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा आणि योनक आहे. महत्त्वाची बाब म्हणजे वडील, मुलगा आणि नातू या तिघांचीही नावे भारतीय आहेत. ‘योनक’ हा शब्द वगळला, तर हा दाता परक्या वंशाचा असेल अशी शंकाही येणार नाही.

‘यवन’ म्हणजे नेमके कोण?

यवन हा शब्द ‘आयोनियन’ या नावावरून आला. आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा आणि त्याला लागून असलेली एजियन समुद्रातील बेटे. इराणी लोकांनी तिथल्या ग्रीकांना ‘यौन’ म्हटले आणि तोच शब्द भारतात योन, योनक, यवन असा रूढ झाला. अलेक्झांडरनंतर बॅक्ट्रिया, अफगाणिस्तान आणि पंजाब या भागांत ग्रीक राजांची सत्ता होती. त्यामुळे भारतीय लेखांतील यवन भूमध्य सागरावरून थेट जहाजाने आलेला असेलच असे नाही. दत्तामित्री हे नाव दिमित्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून पडले असावे आणि ते गाव वायव्येकडे किंवा सिंधच्या बाजूला असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजेच इंद्राग्निदत्ताचे घराणे कित्येक पिढ्या उपखंडातच राहिलेले असण्याची शक्यता अधिक. कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांतही यवन दात्यांची नावे आढळतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांब धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिले आहेत.

एकीकडे दान, दुसरीकडे संहार, हे कसे?

तीन क्रमांकाच्या लेण्यातील प्रसिद्ध लेख गौतमी बलश्रीचा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षी हा लेख कोरला गेला. त्यात दिवंगत मुलाचे वर्णन शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा, क्षहरातांचा निर्वंश करणारा आणि ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा राजा, या शब्दांत येते.

हे दोन लेख परस्परविरोधी वाटतात. परंतु एक प्रशस्ती आहे आणि दुसरी दानाची नोंद. प्रशस्तीत शत्रूंची यादी असते आणि तिची भाषा सत्तेची असते. दानलेखात माणूस स्वतःचे नाव, गाव आणि हेतू सांगतो. राजकीय पातळीवर ज्यांना शत्रू म्हटले जाई, त्याच नावाने ओळखले जाणारे लोक विहारांना देणग्या देत, मुलांची नावे धम्मावरून ठेवत आणि इथल्या समाजात मिसळत होते. त्यामुळे केवळ एका लेखाच्या आधारे ‘परकीय आक्रमक’ किंवा ‘ग्रीकांनी घडवलेली कला’ असे सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

नाशिकच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे कशी?

दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळ जोगलटेंभी हे गाव आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. बलश्रीच्या लेखातील क्षहरातांच्या पराभवाला याहून ठोस पुरावा मिळणे कठीण.

नहपानाच्या नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख आहे. ग्रीक अक्षरांत लिहिलेला मजकूर मात्र ग्रीक भाषेतला नाही. ‘राजा क्षहरात नहपानाचे’ या अर्थाचे प्राकृत शब्दच ग्रीक अक्षरांत उतरवले आहेत. म्हणजे लिपी भूमध्य सागराची, भाषा इथली आणि साठा नाशिकच्या मातीत. व्यापाऱ्याला ओळखीचे वाटेल असे नाणे पाडण्याची ती रीत होती.

या व्यवहारात नाशिकचे स्थान काय होते?

नहपानाचा जावई उषवदात याचे लेख १० क्रमांकाच्या लेण्यात आहेत. त्यांतील एका लेखात अक्षय ठेवीचा हिशेब दिला आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले होते. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असे लेख सांगतो. गुणाकार तंतोतंत जुळतो. राजघराण्यातील माणूस विणकरांकडे कायमची ठेव ठेवतो, याचा अर्थ त्या श्रेणीची पत तशी होती.

याच काळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे सागरी मार्गदर्शक लिहिले. त्यात भडोच, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांचा उल्लेख आहे. भडोचच्या राजाचे त्यात दिलेले नाव नहपानाचेच असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी नोंदही आहे. बंदरांवरील ताब्यासाठी क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात चाललेल्या चढाओढीचे हे प्रतिबिंब. कोकणातून थळ घाट चढून पठारावर येणारी वाट नाशिकच्या परिसरातूनच पुढे जाते. आज मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वे याच घाटातून वर येतात.

भूमध्य सागरातील बेटांवरून काय येत होते?

पेरिप्लसमधील आयात मालाच्या यादीत इटली आणि सीरियाच्या किनाऱ्यावरची मद्ये, काच, तांबे, कथील, शिसे आणि पोवळे आहे. यातील पोवळे सर्वांत बोलके. लाल पोवळे भूमध्य सागरात वाढते. भारतीयांना पोवळ्याचे तितकेच मोल वाटते जितके रोमनांना मोत्याचे, असे प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवले. उत्तम पोवळे मिळण्याची ठिकाणे म्हणून त्याने फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची बेटे, सिसिलीजवळची एओलियन बेटे आणि सिसिलीचा पश्चिम टोकाकडचा भाग सांगितला आहे. मंगळासाठी आजही अंगठीत बसवले जाणारे पोवळे ही त्या जुन्या मागणीचीच पुढची कडी आहे.

मद्य अँफोरा नावाच्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या कुंभांतून येई. पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडू येथे सापडलेल्या अशा कुंभांत एजियन समुद्रातील कोस बेटाच्या घडणीचे अनेक कुंभ ओळखले गेले. तिथले मद्य समुद्राचे पाणी मिसळून तयार केले जाई. महाराष्ट्रात नेवासा, जुन्नर आणि मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर अँफोरांचे तुकडे मिळाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर तर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

सापडलेला प्रत्येक तुकडा ‘रोमन’च का नसतो?

विसाव्या शतकाच्या मध्यात परदेशी वाटणारे खापर दिसले की त्यावर ‘रोमन’ अशी चिठ्ठी लावण्याकडे कल होता. रॉबर्टा टॉम्बर या ब्रिटनमधील अभ्यासिकेने भारतातील संग्रह पुन्हा तपासले. अँफोरा म्हणून नोंदवलेले अनेक तुकडे प्रत्यक्षात मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताकडून आलेल्या, आतून डांबरासारखा लेप असलेल्या ‘टॉर्पेडो’ कुंभांचे निघाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनामुळे नकाशा बदलला. पश्चिम किनाऱ्याचा व्यापार केवळ रोमशी नव्हता, तर त्यात आखाताचाही मोठा वाटा होता. हे कळू शकले, कारण जुने तुकडे जपून ठेवलेले होते आणि ते पुन्हा तपासता आले.

इथून तिकडे काय गेले?

इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडल्या आहेत. त्याहून अलीकडचा पुरावा इजिप्तमधील बेरेनिके बंदरातला. तांबड्या समुद्रावरील या बंदरात पोलिश-अमेरिकी पथकाला बुद्धाची संगमरवरी मूर्ती आणि दुसऱ्या शतकातील दोन सातवाहन नाणी सापडल्याचे इजिप्तने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केले. मूर्तीचा दगड भूमध्य सागराच्या बाजूचा आहे. म्हणजे तिकडच्या दगडात इकडचा बुद्ध घडला.

सध्याचा धोका कोणता?

संकालिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये जुन्या नाशकातील गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतचे थर त्यातून समोर आले. नाशिकच्या प्राचीनतेविषयी आजही प्रामुख्याने त्याच अहवालाचा आधार घेतला जातो. मात्र तेव्हा कार्बन-१४ कालमापन नुकतेच शोधले गेले होते. कुंभाच्या आतील अंशावरून त्यात मद्य होते की तेल, हे ओळखण्याचे तंत्र तर नव्हतेच. आज ते तंत्र आहे. पण ज्या थरांवर ते वापरायचे, त्यांच्यावर वस्ती आहे आणि नदीकडची बाजू पावसात खचते. जुन्या नाशकातील काझीची गढी दर पावसाळ्यात बातमीत येते, ती तिथल्या रहिवाशांच्या सुरक्षेच्या प्रश्नामुळे, आणि ते योग्यच आहे. मात्र घसरणाऱ्या मातीबरोबर शहराचा पुरावाही वाहून जातो, याची नोंद क्वचितच होते.

पांडवलेणीतही सर्व काही उजेडात आलेले नाही. १८२३ मध्ये या लेण्यांची पहिली लेखी नोंद झाली. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी, मे २०२१ मध्ये, पावसाळ्यापूर्वी पाण्याचा निचरा करणारी चर साफ करताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कर्मचाऱ्यांना आणखी तीन लेणी आढळली.

माल्टाचा धडा काय?

भूमध्य सागरातील माल्टा बेटावर हाल साफ्लिएनी हे जमिनीखाली खोदलेले, पाच हजार वर्षांहून जुने दफनस्थान आहे. १९०२ मध्ये नव्या घरांसाठी पाण्याची टाकी खणताना ते सापडले आणि यंत्रणेला कळण्याआधीच त्याच्या काही भागाची हानी झाली. १९८० मध्ये ते जागतिक वारसा ठरले. पुढे माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांच्या उष्णतेने आतील लाल रंगाची चित्रे बिघडू लागली, तेव्हा ते अनेक वर्षे बंद ठेवून हवामान नियंत्रणाची व्यवस्था बसवण्यात आली. आता तासाला जेमतेम दहा जणांना प्रवेश मिळतो.

त्रिरश्मीला तीच मर्यादा लावण्याची गरज नाही. बेसाल्टमधील ही उघडी लेणी वेगळी आहेत. तिथे पावसाचे झिरपणारे पाणी, शेवाळ आणि भिंतींवर नावे कोरणारे हात हा धोका आहे. पण पाहणारे किती आणि जपणूक किती याचा हिशेब आधी मांडायचा असतो, हे माल्टाकडून घेण्यासारखे आहे.

पुढे काय करता येईल?

केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद कायद्यात २०१० मध्ये झाली. मात्र जी जागा संरक्षित नाही, तिथे ही ढाल नाही. गोदाकाठी पायाभरणी करताना पुरातत्त्व जाणणारी व्यक्ती कामावर असणे, निघालेल्या खापरांची आणि नाण्यांची नोंद ठेवणे आणि शिलालेखांचे त्रिमितीय चित्रण करून घेणे, हे उपाय पुलाच्या एका खांबाच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ आहेत. सिंहस्थ बारा वर्षांनी पुन्हा येईल. एकदा खणून फेकलेला थर मात्र पुन्हा येत नाही. इंद्राग्निदत्ताचे नाव दगडात कोरले होते म्हणून ते टिकले. गोवर्धनच्या ज्या विणकरांकडे त्या ठेवी होत्या, त्यांची नावे लेखात नाहीत. त्यांच्याविषयी आणखी काही कळायचे असेल, तर ते या मातीतूनच कळणार आहे.