ऐकणारा थांबला, तर?

आमच्या शेजारच्या आजी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेच्या निरोपाची वाट पाहतात. पेन्शन जमा झाल्याचा तो दोन ओळींचा निरोप फोनवर आला, की त्यांचा महिना सुरू होतो. गेल्या वर्षी एकदा तो आलाच नाही. आजी भर उन्हात बँकेत गेल्या. पैसे जमा झालेले होते! मग निरोप का नाही? उत्तर मिळाले, ‘सिस्टिमचा प्रॉब्लेम.’

या दोन शब्दांपुढे आपण सारे निमूट होतो. अशा यंत्रणा सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून सांगतो, या शब्दांमागे पुष्कळदा अगदी साधी गोष्ट असते. ऐकणारा थांबलेला असतो.

मोठ्या संस्थांत एक संगणक आपला निरोप रांगेत ठेवतो आणि मोकळा होतो. आयबीएमने १९९३ साली ‘एमक्यू सीरीज’ आणली ती याचसाठी. रांगेच्या दुसऱ्या टोकाला, ॲप्लिकेशन सर्व्हरवर, एक ‘लिसनर’ कान देऊन बसलेला असतो. तो निरोप उचलतो आणि योग्य प्रोग्रामच्या हाती देतो. काम फसले, तर निरोप रांगेत परत येतो. त्यामुळे तो हरवत नाही.

पण निरोपच सदोष असला तर? तो उचलायचा, अडखळायचे, परत ठेवायचा, पुन्हा उचलायचा! वेबस्फिअर सर्व्हरच्या जुन्या ‘लिसनर पोर्ट’मध्ये पुन्हा प्रयत्न करण्याचा आकडा मुळात ० असे. म्हणजे पहिल्याच अपयशाला लिसनर बंद. एका नासक्या निरोपापायी मागचे सगळे चांगले निरोप ताटकळत राहत. कोणी तरी पाहून तो हाताने सुरू करीपर्यंत.

यावर घाईचा उपाय म्हणजे तो आकडा भरमसाट वाढवणे. मग यंत्र तोच घास चघळत बसते. दुसरा उपाय, एकाच्या जागी दहा जण ऐकायला बसवणे. काम झपाट्याने होते, पण निरोपांचा क्रम चुकू शकतो. आधी जमा आणि मग खर्च, याचे उलटे झाले तर हिशेबच बिघडायचा. खरा उपाय वेगळा आहे. चारदोन प्रयत्नांनंतर, लिसनर बंद पडण्याआधीच, सदोष निरोप बाजूच्या रांगेत टाकावा. एमक्यूमध्ये ही सोय आहे. पुढे लिसनर पोर्टच्या जागी नवी पद्धत आली. प्रश्न मात्र तोच राहिला.

तो प्रश्न असा, की बाजूची ती रांग उघडून पाहणार कोण? टपाल खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी वेगळे कार्यालय असते. तिथे माणूस बसतो, पाकीट उघडतो, पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा शोधतो. संगणकाच्या रांगेपुढे मात्र अनेकदा कोणीच बसलेले नसते. निरोप सुरक्षित असतो, आणि विसरलेलाही!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की अशी रांग ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती कोणाच्या तरी नावावर लिहावी. रोज सकाळी त्याने ती पाहावी आणि लिसनर चालू असल्याची खात्री करून घ्यावी. आकडे काय, एकदा बसवता येतात. जबाबदारी रोज घ्यावी लागते.

रांगेत अडकतो तो निरोप. उन्हात चालत जाते ती आजी.