रक्तस्तंभन कीं रक्तस्रावरोध?

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. पायाच्या शिरेंत गुठळी झाल्यामुळें डॉक्टरांनीं त्यांस रक्त साकळूं न देणारी गोळी चालू केली होती. एके दिवशीं ते एक मराठी आरोग्यपुस्तक घेऊन आमच्याकडे आले. रक्तस्तंभन ही निसर्गानें दिलेली संरक्षणशक्ति आहे, असें त्यांत एका पानावर सांगितलें होतें. पुढें दुसऱ्या पानावर पायांतील रक्तस्तंभन जिवावर बेततें, असा इशारा होता. पहिलें पान वाचून त्यांनीं गोळी बंद केली, आणि दुसरें वाचून त्यांची झोप उडाली. एकच गोष्ट तारक आणि मारक कशी, असें ते आम्हांस विचारूं लागले. डॉक्टरांकडून त्यांची समजूत पटली व गोळी पुन्हा सुरू झाली. परंतु त्यांच्या प्रश्नाचें उत्तर परिभाषाकारांनीं द्यावयास हवें.

इंग्रजींतील ‘हीमोस्टेसिस’ हा शब्द रक्त आणि थांबणें अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून झालेला आहे. थांबावयाचें तें रक्त कीं रक्ताचा स्राव, हें त्यांत सांगितलेलेंच नाहीं. म्हणून इंग्रजी कोशांतहि त्याचे दोन अर्थ सांपडतात: रक्ताचा प्रवाह मंदावणें वा थांबणें हा एक, आणि रक्तस्राव बंद होणें हा दुसरा. आमच्या भाषांतरकारांनीं दोन्ही अवयवांचें इमानानें संस्कृत केलें आणि ‘रक्तस्तंभन’ मराठीच्या पदरांत टाकलें. परक्याच्या घरची संदिग्धता आपण जकात भरून घरीं आणली!

वस्तुस्थिति काय आहे? बोट कापलें म्हणजे प्रथम तेथील रक्तवाहिनी आकसते. मग रक्तांतील बिंबिका छिद्रापाशीं चिकटून बूच बसवितात. शेवटीं फायब्रिनचे तंतु त्यावर जाळें विणून तें पक्कें करितात. जखम भरतां भरतां ही गुठळी विरघळविण्याची सोयहि शरीरांत आहे. छिद्र बुजलें तरी उरलेलें रक्त वाहतच राहतें, आणि तें वाहतें राहावें म्हणूनच हा सारा खटाटोप. तेंच शिरेंत खांबासारखें उभें राहिलें तर त्यास रोग म्हणतात.

कोणी म्हणेल, स्तंभन हा शब्द प्राचीन वैद्यकांतला आहे. आहे खरा, पण चरकसंहितेंत लंघन, बृंहण इत्यादि सहा उपक्रमांपैकीं तो एक असून वांति, अतिसार, अतिस्वेद यांवरहि तो सांगितलेला आहे. रक्तस्रावाचा प्रश्न आला तेव्हां सुश्रुतानें संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार निरनिराळे उपाय मोजून दिले: तुरट द्रव्यानें व्रण सांधतो, थंडाव्यानें रक्त थिजतें, भस्मानें पाचन होतें, डागण्यानें शीर आकसते. प्राचीनांचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं त्यांच्या काटेकोरपणाचाहि थोडा वारसा घ्यावा.

दुसरा आक्षेप असा कीं, घरांतहि आपण ‘रक्त थांबलें का?’ असेंच विचारतों. विचारतों; परंतु तेव्हां जखम डोळ्यांसमोर असते. पुस्तकाच्या पानावर ती नसते. तेथें सर्व भार शब्दालाच वाहावा लागतो.

ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडचेंच पाहा. जपानांत ओकामोतो दंपतीनें १९६२ सालीं जगापुढें आणलेलें हें औषध गुठळी बनवीत नाहीं; बनलेली गुठळी अकालीं विरघळूं देत नाहीं. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेल्या वीस हजारांहून अधिक स्त्रियांवरील परीक्षणाचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन तासांत तें दिल्यास रक्तस्रावानें होणारे मृत्यु घटतात, असें त्यांत दिसून आलें. हें औषध, न्हाव्याची तुरटी आणि शस्त्रवैद्याचा धमनी पकडण्याचा चिमटा या तिघांना ‘रक्तस्तंभक’ हें एकच नांव देऊन वाचकास कोणता बोध होणार?

आमची सूचना साधी आहे. शरीराच्या त्या क्रियेस ‘रक्तस्रावरोध’ म्हणावें, म्हणजे काय रोखावयाचें तें शब्दांतच येईल. रक्त घट्ट होण्यास ‘साकळणें’ हा आपल्या आजीबाईंचा शब्द आहे. तो अशिष्ट समजण्याचें कारण नाहीं. शिरेंत साकळलेल्या गोळ्यास ‘गुठळी’ पुरेशी आहे. स्तंभन आयुर्वेदाच्या ग्रंथांत आपल्या जागीं सुखानें नांदो. परिभाषा विद्वानांच्या सभेंत ठरते, पण तिच्या चुकीची किंमत आमच्या शेजाऱ्यांसारख्या रोग्यांस मोजावी लागते, एवढें ती ठरविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.