पाय घसरला की आधी बुटाचा तळ बघा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील, दवाखान्याचं शटर नुकतंच वर केलं होतं. एका मुलाला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणलं. वय वीस, भरतीची तयारी चालू. उजवा गुडघा टम्म फुगायला लागलेला. "काय झालं रे?" विचारलं, तर म्हणाला, "वळताना पाय सटकला डॉक्टर. आतून कट् असा आवाज आला." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत वडील म्हणाले, "लक्षच नसतंय त्याचं. रातभर मोबाईल, अन् पहाटं पळायला."

मी बूट मागितला. तळाला काळ्या मातीचा थापीने लिंपावा तसा गुळगुळीत थर. किल्लीने तो खरवडला, तर खाली सोलवर नक्षी अशी उरलीच नव्हती, टाचेच्या बाहेरच्या कडेला तर आतला फोम दिसत होता. असा बूट घालून वडील स्वतः त्या वळणावर चालत गेले असते तरी पडले असते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि त्यांना ते आवडलं नाही.

तुम्हालाही कदाचित आवडणार नाही. पण किल्लारी आणि आसपासच्या गावांतून दर वर्षी अशी पोरं माझ्याकडे येतात आणि दर वेळी दोष त्यांच्या 'लक्षा'वर जातो. बूट कोणी उलटा करून बघत नाही.

आपली जमीन कशी आहे ते आधी बघू. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकट होते. धावताना दहा पावलांत ती सोलच्या खाचांमध्ये भरते. खाचा भरल्या की बूट कितीही महागाचा असो, तुम्ही सपाट तळावर धावत असता. अशा मातीसाठी सोलवरचे उंचवटे खोल हवेत, साधारण पाच-सहा मिलिमीटर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे प्रत्येक पावलाला चिखल झडून पडतो. दुकानात दिसणारे बहुतेक बूट दाट, बारीक नक्षीचे असतात. ते डांबरी रस्त्यासाठी ठीक आहेत, पण काळ्या रानात ती नक्षी पाच मिनिटांत बुजते.

ओल्या सिमेंट रस्त्याचं गणित याच्या उलट आहे. तिथे खोल उंचवट्यांचा उपयोग नाही, कारण रुतायला काही नसतं. तिथे कामी येतं ते मऊ रबर आणि जमिनीला टेकणारा जास्तीत जास्त भाग. बाजारात पाच-सहाशेला मिळणाऱ्या कित्येक बुटांना रबराचा सोल नसतोच, नुसता फोम किंवा कडक प्लास्टिक असतं. अंगठ्याचं नख सोलवर दाबून बघा. थोडंही रुतलं नाही, हाताला काचेसारखं गुळगुळीत लागलं, तर तो बूट ओल्या फरशीवर तुम्हाला पाडणार. पायऱ्यांवरच्या शेवाळावर तर कोणताच बूट टिकत नाही, तिथून चालत जायचं.

तिसरी जमीन म्हणजे मुरूम. पक्क्या रस्त्यावर पसरलेला बारीक मुरूम पायाखाली गोट्यांसारखा फिरतो, आणि तो कोरडा असतानाही घसरवतो. हिवाळ्यात त्यात ऊसगाड्यांची भर पडते. ट्रॉलीच्या चाकांबरोबर रानातला चिखल रस्त्यावर येतो, पाचट सांडतं, रात्रीचं दव त्यावर पडतं. पहाटे पाच वाजता अंधारात धावणाऱ्या पोराला ते ओलं पाचट दिसतच नाही. माझ्या मते आपल्या भागात पावसाळ्यापेक्षा उसाचा हंगाम जास्त फसवा आहे, कारण पावसात निदान माणूस सावध असतो.

आता दुकानदारांच्या आवडत्या वाक्याकडे येतो: "ग्रिप जेवढी जास्त तेवढं चांगलं." हे साफ खोटं आहे. एक मुलगा मित्राचे फुटबॉलचे स्टडवाले बूट घालून कडक मैदानावर धावत होता. वळताना बूट जमिनीला धरून राहिला, अंग फिरलं, आणि फिरकीचा सगळा जोर गुडघ्यावर आला. गुडघ्याच्या आतला लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, असाच तुटतो. पाय घसरून गुडघा वाकडा झाला तरी तुटतो, आणि पाय अडकून अंग फिरलं तरी तुटतो. खिळ्यांचे स्पाइक ट्रॅकसाठी असतात. डांबरावर ते धरत नाहीत, उलट खडखडत घसरतात.

दुसरं वाक्य वडीलधाऱ्यांचं: "आम्ही अनवाणीच पळायचो." कोणीतरी लगेच अबेबे बिकिलाचं नाव घेतो. खरं आहे, १९६० साली रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन तो अनवाणी जिंकला. पण तो कोरड्या शहरी रस्त्यांवर धावला होता, आणि चार वर्षांनी टोकियोत त्यानेच बूट घालून पुन्हा सुवर्ण जिंकलं. आपल्या रानात बाभळीचे काटे आहेत, गोखरू आहेत, काचा आहेत, आणि मातीत धनुर्वाताचे जंतू आहेत. अनवाणी धावायचं तर स्वच्छ, बघितलेल्या मैदानावर, थोडा वेळ. रस्त्यावर नको.

थोडं विषयांतर करतो, पण ते उपयोगाचं आहे. आपल्या मराठवाड्याचा, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला आणि महार रेजिमेंटमधून सियाचीनला राहून आला. पुढे स्टीपलचेसमध्ये त्याने देशाला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. ज्या सैन्यात जायला तुमची पोरं धडपडतात, तिथे कदाचित त्यांना बर्फावर चालावं लागेल. बर्फावर काय होतं? पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि थंडीने रबर कडक होतं. म्हणून गोठलेल्या वाटेवर धावणारे परदेशातले लोक तळाला कठीण धातूची बारीक टोकं असलेले बूट घालतात. तीच टोकं बर्फात रुततात, नुसतं रबर तिथे हरतं. आणि तोच बूट किल्लारीच्या सिमेंटवर घातला तर तुम्ही आपटणार. म्हणून दुकानात कोणी 'ऑल वेदर' म्हणून बूट दाखवला, तर त्याला विचारा: कोणत्या जमिनीवर?

आता जे लोक नाराज होतील त्यांच्याबद्दल. गल्लोगल्ली निघालेल्या भरती अकॅडम्या महिन्याची फी घेतात, पण कित्येकांना स्वतःचं मैदान नाही. साठ-सत्तर पोरं हमरस्त्याच्या कडेला, ऊसगाड्यांच्या बाजूने, ओल्यात, एकाच वेगाने पळवली जातात. पोलीस भरतीत १६०० मीटरला २० गुण आहेत आणि ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण मिळतात. एकेका सेकंदाची किंमत मलाही कळते. पण ते सेकंद रोज निसरड्यावर कमवायचे नसतात. वेगाचा सराव कोरड्या दिवशी, बघितलेल्या वाटेवर घ्यावा. ओल्या दिवशी पावलं आखूड टाकावीत आणि पाय शरीराच्या खालीच पडेल असं बघावं. पाय पुढे लांब टाकून टाच आपटणारा हमखास पाठीवर पडतो, आणि पडताना हात टेकून मनगट मोडून घेतो. हे शिकवायला फीपेक्षा वेगळे पैसे लागत नाहीत.

आणि सरकारही सुटत नाही. २०२४ ची पोलीस भरती आठवा. सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज, आणि मैदानी चाचणी सुरू झाली १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर. पावसाने चाचणी होऊ शकली नाही तर पुढची तारीख देऊ, असं सांगावं लागलं. ती वेळच का येऊ द्यायची? १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेल्या आपल्या गावांत जागेची कमतरता नाही, रस्तेही रुंद आहेत. तिथे पाणी निचरा होणारी चारशे मीटरची मातीची धावपट्टी एका ग्रामपंचायतीला अवघड नाही. ग्रामसभेत मागितली जात नाही, एवढंच.

पोरं घसरतीलच, म्हणून पडल्यावर काय करायचं तेही सांगतो. गरम तेलाने चोळू नका. पहिल्या दोन दिवसांत चोळल्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उशीवर उंच, वर क्रेप बँडेज. घोट्याला लागलं असेल तर दोन गोष्टी बघा: चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर दाबलं तर कळ येते का. पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच. गुडघ्यात आवाज आला, काही तासांत सूज आली, आणि चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो, तर हाडवैद्याकडे वेळ घालवू नका. जखमेत माती गेली असेल तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा.

त्या मुलाचा एसीएल तुटलेलाच निघाला. ऑपरेशन झालं. पुन्हा जोरात धावायला नऊ महिने तरी लागतील, आणि अग्निवीराला वयाची अट असते. तो बूट साडेपाचशेचा होता. वडील परवा तपासणीला घेऊन आले होते, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, धाकट्याचे बूट बघता का जरा?" पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

तुम्हीही आणा. ओपीडीत दाखवायला पैसे घेत नाही. फक्त धुऊन आणू नका, चिखलासकट आणा.