नातवंड येतेय, घर जरा खाली बसून पाहा

मे महिना लागला की गावच्या एस.टी. थांब्यावर आजोबा तासभर आधीच जाऊन बसतात. पुण्या-मुंबईहून लेक यायची असते, कडेवर अडीच-तीन वर्षांचे लेकरू असते. घरी आजीने आंब्याची अढी लावलेली, कुरडयांचा डबा खाली काढलेला. तयारीत कसूर नसते. एक गोष्ट मात्र बहुतेक घरी राहून जाते.

मायबापहो, लेकरू येण्याच्या आदल्या दिवशी ओट्यावर, पडवीत, गोठ्यात चक्क जमिनीवर बसा आणि तिथून हात लांबवून पाहा. उभ्या माणसाला दिसत नाही असे पुष्कळ हाताला लागेल. विळा, रॉकेलची बाटली, उंदराच्या औषधाची पुडी, मोटारीची उघडी वायर! गावात वाढणारे पोर रोज कोणाचे तरी ओरडणे ऐकत या गोष्टींपासून लांब राहायला शिकते. शहरातून आलेल्या पोराला हौद म्हणजे अंघोळीचा मोठा टब वाटतो.

हे सुनेने सांगितले तर उत्तर ठरलेले, "आमची पोरं नाही का वाढली?" वाढली, खरे आहे. पण तेव्हा मळ्यात शेततळे नव्हते आणि कोनाड्यात इतकी औषधे नव्हती. तेव्हा सुनेने तोंड उघडण्याची वाट न पाहता आजोबांनीच उठावे, हे बरे.

आणखी एक. पोर डोळ्याआड होते ते भरल्या घरातच. लेकीला वाटते, माहेरी आले, आता आई बघेल. आजीला वाटते, त्याची आई आहे. आजोबा म्हणतात, बाया आहेत की घरात. मामा मोबाइलमध्ये. चार माणसे असून लेकराकडे एकही नाही! म्हणून नजर बोलून सोपवावी. "आबा, मी धुणं घेऊन चालले, बाळ तुमच्याकडं." आबा "बरं" म्हणेपर्यंत लेकीने जागचे हलू नये. आणि सात-आठ वर्षांच्या मामेभावाच्या जिवावर धाकट्याला सोडू नये. तो बिचारा स्वतःच पोर.

पाण्याचे तर फारच जपा. बुडणारे लेकरू हाक मारत नाही, आरडाओरडा करत नाही. आवाज न होता खाली जाते आणि काही मिनिटांत सारे आटोपते. त्याला वीतभर पाण्याची बादलीही पुरते. हौदाला झाकण, विहिरीला कठडा किंवा जाळी हवीच. २०१६ मध्ये सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि खूप जणांनी तळी घेतली. पाणी टिकले, बागा जगल्या, चांगलेच झाले. पण तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की धडधाकट माणसालाही काठ चढता येत नाही. पोराला वाचवायला उडी टाकणाराही आत अडकतो. तळ्याला चारी बाजूंनी कुंपण घाला, दाराला कडी लावा. काठावर पक्का खुंट ठोकून गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवा. फवारणीच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

बुडालेल्या मुलाला उलटे धरून गरगर फिरवण्याची पद्धत अजून दिसते. ती सोडा. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला लगेच लागा, दुसऱ्याने १०८ला फोन लावावा.

फवारणीचे उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. डब्यावरचा लाल त्रिकोण तुम्हाला कळतो, तीन वर्षांच्या पोराला बाटली तेवढी ओळखीची असते. औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. चुकून पोटात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. रॉकेल असेल तर ते ओकताना फुप्फुसात शिरते. डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

रात्री अंगणात सगळ्यांची अंथरुणे पडतात, पोरांना त्याची केवढी मौज! पण मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा झोपेत कळतही नाही. लेकराला खाटेवर घ्या, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. सकाळी चप्पल झटकून घाला. लाल विंचू चावला आणि मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन नावाचे औषध यावर वापरून दाखवले आणि कितीतरी जीव वाचले. मात्र ते डॉक्टरांच्या हातूनच द्यायचे. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, तेही लेक येण्याआधी विचारून ठेवा. रात्री दोन वाजता सांगायला कोणी भेटत नाही.