आधी जोडून दाखवा, मग पैसे

मागच्या रविवारी सकाळी आमची थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, दारात येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत टॅब आणि एक पांढरे पेन. चहा घे म्हटले तर नको म्हणाली. "अरे, भिशीचे पैसे पाण्यात गेले. आता तूच बघ काय ते," एवढेच बोलली आणि भिंतीला टेकून बसली.

हकिगत अशी. आमची भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी ती आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. चार मुले घरी येतात, पाच लांब राहणारी मुले टॅबवरून शिकतात. त्यातून तिची फी आणि बसचा पास निघतो. आता गणित काही नुसते तोंडाने शिकवता येत नाही. वर्गमूळ मांडायचे, अपूर्णांक लिहायचे, त्रिकोण काढून कोनांना नावे द्यायची. हे सगळे पोर काचेवर बोटाने करत होती. बोटाने काढलेला २ तीनसारखा दिसायचा. पलीकडून मुले विचारायची, "ताई, हा २ आहे का ३?" एका मुलाच्या आईने तर सांगूनच टाकले, की असेच चालले तर पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे घालतो.

आक्का चार घरची धुणीभांडी करते. तिला भिशी लागली तशी ती पोरीला न सांगता बाजारात गेली आणि हे पेन घेऊन आली. दुकानदाराने विचारले, "टॅबसाठीच ना? मग हेच न्या." घरी आणून मायलेकींनी जोडले. ब्लूटूथच्या यादीत पेनाचे नाव दिसले, त्यापुढे 'कनेक्टेड' असेही आले. पण काचेवर रेघ काही उमटेना. आक्का पुन्हा दुकानात गेली. तिथे उत्तर मिळाले, "खोके फोडलेय, आता परत घेणार नाही. तुम्हाला वापरता येत नाही त्याला आम्ही काय करणार?" हे शेवटचे वाक्य आक्काला पैशापेक्षा जास्त लागले होते. "मी शिकले असते तर ही वेळ आली असती का रे?" ती आम्हाला म्हणाली.

वाचकहो, त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत तो टॅब आणि ते पेन घेऊन बसलो. खोक्यावरची बारीक अक्षरे चष्मा पुसून पुसून वाचली. तेव्हा कळले, की पेन बिघडलेले नाही आणि टॅबही बिघडलेला नाही. त्या दोघांची जोडीच जुळत नाही. आक्काच्या शिक्षणाचा तिथे काही संबंध नव्हता. दोन पदव्या घेतलेल्या माणसानेही ते पेन त्या टॅबवर चालवून दाखवले नसते. आपण लग्नात पत्रिका बघत नाही, ते बरेच आहे. पण पेन घेताना मात्र जोडी बघावीच लागते. म्हणून हा विषय या वेळी सदरात घेतला.

आधी टॅबला बोट कसे कळते ते पाहू. काचेखाली विजेचे फार बारीक जाळे असते. आपल्या शरीरातून वीज वाहते, त्यामुळे बोट टेकले की त्या जागी जाळ्यात किंचित फरक पडतो आणि तो टॅबला समजतो. प्लॅस्टिकच्या काडीतून वीज वाहत नाही, म्हणून काडीने कितीही घासले तरी रेघ उमटत नाही.

आता पेनांचे प्रकार. पहिला प्रकार रबरी टोकाच्या किंवा पारदर्शक चकतीच्या साध्या पेनाचा. हे पेन बोटाचेच काम करते. त्याला सेल नाही, ब्लूटूथ नाही, जोडणे नाही. कुठल्याही मोबाईलवर, टॅबवर चालते. यातच एक थोडे महाग पेन मिळते. त्यात छोटी बॅटरी असते, बटण दाबून चालू करायचे आणि लिहायचे. टोक बारीक असल्याने अक्षर चांगले येते. मात्र या पेनांत एक खोट आहे. हात काचेवर टेकला तर बहुतेक टॅबना पेन कोणते आणि तळहात कोणता हे कळत नाही, आणि भलत्याच रेघा उठतात. त्यावर उपाय म्हणजे हाताखाली सुती रुमालाची जाड घडी ठेवायची.

दुसरा प्रकार सॅमसंगच्या एस पेनचा. वॅकॉम या जपानी कंपनीचे हे तंत्र आहे. टॅबच्या पडद्याखाली तारांचे वेगळे जाळे असते, ते चुंबकी क्षेत्र तयार करते आणि पेनातल्या वेटोळ्याला त्यातूनच वीज मिळते. म्हणून लिहिण्यासाठी या पेनाला बॅटरी लागत नाही आणि जोडावेही लागत नाही. २०२० साली आलेल्या गॅलॅक्सी टॅब एस ६ लाइटचे पेन असेच आहे. काही मॉडेलांच्या पेनात ब्लूटूथ असते, पण ते लांबून बटण दाबून फोटो काढण्यासारख्या कामांसाठी. ते बंद असले तरी लिहिणे थांबत नाही. पण त्याच कंपनीच्या टॅब ए ८ सारख्या स्वस्त टॅबला हे जाळे नसते. तिथे एस पेन कितीही घासा, रेघ येणार नाही.

तिसरा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या आणि ठराविक टॅबसाठीच बनवलेल्या पेनाचा. आक्काने आणलेले पेन यातले. ॲपलची पेन्सिलही यातलीच. इथेच माणसे फसतात, कारण ब्लूटूथवर नाव आले म्हणजे काम झाले असे वाटते. पण टोक काचेवर नेमके कुठे टेकले हे ब्लूटूथ सांगत नाही, ते काच ओळखते. पेनाचे टोक काचेला स्वतःचा बारीकसा संकेत पाठवते. तो संकेत ओळखणारी काच नसेल तर 'कनेक्टेड' ही अक्षरे नुसती शोभेची. भाचीच्या टॅबची काच फक्त बोट ओळखणारी होती.

एकाच कंपनीच्या मालातही सरमिसळ चालत नाही. ॲपलची पहिली पेन्सिल २०१५ सालची. तिचे मागचे टोपण काढून ती आयपॅडच्या चार्जिंगच्या जागी खोचायची, पडद्यावर 'पेअर' असे येते त्यावर बोट लावायचे. २०१८ साली दुसरी आली. ती आयपॅडच्या कडेला लोहचुंबकाने चिकटवली की जोडली जाते आणि तिथेच चार्जही होते. २०२३ साली सी टाइप केबलची स्वस्त पेन्सिल आली. तीही कडेला चिकटते, पण नुसती चिकटवून ती जोडली जात नाही की चार्ज होत नाही. तिचे मागचे टोक सरकवून आत केबल लावावी लागते. २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडला पहिली आणि सी टाइपची पेन्सिल चालते, दुसरी चालत नाही. पहिलीसाठीही वेगळा ॲडॉप्टर लागतो. जुना आयपॅड आणि जुनी पेन्सिल कुणाकडून हातोहात घेणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे.

जोडी जुळणारी आहे याची खात्री झाली आणि तरीही पेन चालत नसेल, तर क्रमाने असे करा. पहिल्यांदा पेन अर्धा तास चार्जिंगला लावा. निम्म्या तक्रारी रिकाम्या बॅटरीच्या निघतात. पेन महिनोन् महिने रिकामे पडू देऊ नका, त्याने बॅटरी कायमची मरते. मग टॅबच्या सेटिंगमध्ये विमान मोड बंद आणि ब्लूटूथ चालू आहे ना ते बघा. पेन आधी दुसऱ्याच्या टॅबला जोडलेले असेल तर तिथून सोडवा, नाहीतर ते जुन्याच घराकडे ओढ घेते. तुमच्या यादीत पेनाचे नाव असूनही ते चालत नसेल तर त्या नावावर जाऊन 'फरगेट' करा, टॅब बंद करून चालू करा आणि पहिल्यापासून जोडा. पेनाचे टोक सैल झाले असेल तर हलक्या हाताने आवळा, झिजले असेल तर नवे बसवा. काचेवर जाड कागद डकवला असेल तर तो काढून एकदा बघा. एवढे करूनही चालले नाही, तरच दुरुस्तीवाल्याकडे जा.

आता दुकानातली गोष्ट. पेन घ्यायला जाताना टॅब बरोबर न्या. सेटिंगमध्ये 'अबाउट टॅबलेट' म्हणून असते, तिथला मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून घ्या. पेनाच्या खोक्यावर कोणकोणते टॅब चालतात ते छापलेले असते, त्यात आपला नंबर शोधा. 'सगळ्याला चालते' या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. बिल घ्या आणि बिलावर 'या मॉडेलला चालेल' असे लिहून मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. पण आक्काच्या पेनासारखे पेन चांगले आणि जोडी चुकलेली असेल तर दुकानदार हात वर करतो. त्या वेळी बिलावरची ती एक ओळ कामाला येते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आक्काच्या बिलावर अशी ओळ नव्हती, तेव्हा भांडून उपयोग नव्हता. आमच्या पुढच्या गल्लीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा राहतो. त्याचा टॅब खोक्यावरच्या यादीत होता. त्याला बोलावले. त्याने पेन जोडले आणि काचेवर टेकवले, तशी सुरेख काळी रेघ उठली. आक्का त्या रेघेकडे बघतच राहिली. "म्हणजे पेन चांगलं होतं. आणि मीही काही चुकले नव्हते," ती म्हणाली. मुलाने थोडे कमी पैसे दिले, पण दिले. तेवढा तोटा सोसावा लागला.

त्याच संध्याकाळी आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. सगळ्या टॅबला चालणारे, बटणाचे, बारीक टोकाचे पेन मागितले. दुकानदार बिल फाडायला लागला तशी आक्काने पिशवीतून भाचीचा टॅब काढून समोर ठेवला आणि म्हणाली, "आधी जोडून दाखवा, मग पैसे."

"मावशी, याला जोडायला लागत नाही," तो हसून म्हणाला. बटण दाबून त्याने काचेवर मोठा २ काढला.

आक्काने तो नीट निरखून पाहिला. "आता शेजारी ३ काढा," ती म्हणाली. त्याने काढला. दोन्ही आकडे वेगळे दिसतात याची खात्री झाल्यावर तिने पदराची गाठ सोडली.