ढोलीतले बलुतेदार

देवाच्या नावाने राखलेल्या राईतील एखादा जुना, आतून पोकळ झालेला वृक्ष पाडावयाचा ठराव जीर्णोद्धाराच्या गडबडीत सहज संमत होतो. त्याच्या जागी गुलमोहराची दहा रोपे लावू, एवढे म्हटले की महाजनांचे समाधान होते. आमचे होत नाही.

त्या पोकळीत धनेशाची मादी स्वतःस कोंडून घेऊन अंडी उबविते. ढोलीचे तोंड लिंपलेले असते. उरलेल्या चिरेतून नर तिला फळे भरवितो. ढोली गेली की वीण गेली. आणि राई पेरणारा तर हाच! रानजायफळाचे बी तो तांबड्या पत्रीसकट गिळतो, पत्री पचवितो व बी दूर कोठेतरी अखंड टाकतो. पत्री हे त्याचे बलुते. मातृवृक्षाच्या दाट सावलीत पडलेले बी बहुधा किडीच्या नाही तर बुरशीच्या मुखी जाते. वाहून नेलेल्यास वाढीची अधिक आशा. सत्तरीत बांबरच्या निरंकाराच्या राईत रानजायफळांचे दलदली रान देवाच्या नावावर टिकले आहे. पण नुसत्या नावाने बी रुजत नाही.

वटवाघळे घाण करतात, चिकू खातात, हा आक्षेप खरा आहे. परंतु वडा-उंबराचे बारीक बी त्या घाणीतूनच पसरते, आणि ही वटवाघळे ते उडता उडता उघड्या माळावरही टाकून जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांस उंदीर-घुशींच्या पंक्तीस बसवून उपद्रवी ठरविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. कायद्याने समजूत सुधारली, तरी देवळाच्या आवारात त्यांस हुसकावण्यासाठी फटाके वाजतातच. (शिखराच्या फटीत रुजलेला पिंपळ अवश्य उपटावा, त्याबद्दल आमचा वाद नाही.)

न्यायालयांच्या दृष्टीने देवमूर्ती ही विधिमान्य व्यक्ती होय. तिची मालमत्ता सांभाळणारा मालक नव्हे, पालक होय. पालकाने फळ घ्यावे, मूळ विकू नये. गुलमोहराच्या सुक्या शेंगेत धनेशास एक घासही नाही. तेव्हा दहा रोपांचा हा मोबदला आम्हांस फसवणुकीचा वाटतो. वृक्ष खरोखरीच भाविकांच्या अंगावर येणारा असेल तर फांद्या उतरवाव्यात, टेकू द्यावा. पाडण्याचा ठराव येताच महाजनांनी आधी उन्हाळ्यात त्या ढोलीखाली उभे राहून पाहावे, आणि जे दिसेल ते सभेच्या इतिवृत्तात लिहवून घ्यावे.