आधी लेव्हल, मग वॉट

‘यंदा किती हजार वॉट लावताय?’ गणेशोत्सवाचं बोलणं करायला आलेल्या कमिटीचा पहिला प्रश्न हाच असतो. मस्कतच्या गाला औद्योगिक भागातल्या एका गोदामात भाड्याचं साउंडचं सामान दुरुस्त करणं हा माझा धंदा, गाव सांगलीकडचं. कमिटी इथली असो की मिरजेची, प्रश्न बदलत नाही. माझं म्हणणं असं, की वॉटवर पैसे उडवू नका, लेव्हल लावायला वेळ द्या. वॉट दुप्पट केले तर आवाज 3 डेसिबलनेच वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, आणि त्यासाठी दहापट वॉट.

अँपच्या तोंडावरची गोल बटणं ताकद ठरवत नाहीत. बटण अर्ध्यावर ठेवलं की अँप अर्ध्या ताकदीवर चालतो, हा समज मी जुन्याजाणत्या साउंडवाल्यांकडूनही ऐकलाय. मिक्सरकडून येणारा सिग्नल किती आत घ्यायचा, एवढंच ते बटण ठरवतं. 6 डेसिबल खाली केलं आणि मिक्सरने दुप्पट व्होल्टेज पाठवलं, तर अँप पुन्हा आपल्या शेवटच्या वॉटपर्यंत जातोच. तेव्हा ‘बटण खाली आहे, बॉक्सला काही होत नाही’ या भरवशावर राहू नये.

आता थोडे आकडे. बऱ्याच अँपना पूर्ण ताकदीला पोचायला 1.4 व्होल्ट पुरतात. गेन 32 डेसिबल असेल तर व्होल्टेज चाळीसपट होतं: 1.4 चे 56 व्होल्ट, 8 ओहमच्या बॉक्सवर 390 वॉटच्या आसपास. व्यावसायिक मिक्सरच्या मीटरवरचा शून्य म्हणजे बहुधा 1.23 व्होल्ट, आणि चांगला मिक्सर कुरकुर न करता 12 व्होल्टपर्यंत देतो. अँपची बटणं पूर्ण उघडी असली, तर मीटर शून्याच्या जरा वर गेलं की अँप संपला. मिक्सरवर मात्र सगळं हिरवंगार, लाल दिव्याला अजून 19 डेसिबल अवकाश. साउंडवाला निर्धास्त उभा, आणि तिकडे अँप लाटांचे शेंडे छाटतोय.

शेंडे छाटले की लाट चौकोनी होत जाते, आणि तेवढ्याच उंचीच्या पूर्ण चौकोनी लाटेत दुप्पट ताकद असते. बेसचे बॉक्स हे बराच वेळ सोसतात. हॉर्नमधली कॉइल बारीक तारेची. तिला उसंत मिळत नाही, ती जळते. शुक्रवारचा कार्यक्रम करून परत आलेला असा बॉक्स उघडला की करपलेल्या वार्निशचा वास येतो. ‘अँप मोठा पडला, म्हणून ट्वीटर उडाला,’ असं तेव्हा सांगतात. पुष्कळदा अँप लहान असतो आणि त्याला रात्रभर रडवलेलं असतं.

बटणं उघडी ठेवण्याचा दुसरा त्रास पहिल्या रांगेला. मिक्सरची स्वतःची सरसर अँप इमानाने मोठी करतो, आणि निवेदिका क्षणभर थांबली की ती ऐकू येते.

मुलांच्या लेझीमचं गाणं फोनवरून येतं, तेही व्हॉट्सअॅपवर तीन घरं फिरून. घरगुती उपकरणांची ठरलेली पातळी 0.316 व्होल्ट, मिक्सरच्या शून्यापेक्षा जवळपास 12 डेसिबल खाली. मग कोणीतरी काका येतात, ‘अरे, वाढव की जरा!’ म्हणतात, आणि थेट अँपकडे हात नेतात. काका, मिक्सरवर त्या चॅनेलचा गेन आहे, तो वाढवू. अँपला हात नको. पण गाणं मुळातच फाटलेलं आलं असेल तर गेनचाही इलाज नाही. ओमानातल्या फलजच्या पाटात वरच्या अंगाला पाणी गढूळ झालं, तर खाली दार कमीजास्त करून ते निवळत नाही.

लेव्हल लावणं अवघड नाही. आधी बॉक्सच्या वायरी काढा. मिक्सरमधून एक सलग सूर सोडा आणि मिक्सर त्याच्या मर्यादेच्या थोडा अलीकडे आणा. मग अँपचं बटण शून्यापासून उघडत जा. क्लिपचा, म्हणजे शेंडे छाटले जाताहेत हे सांगणारा दिवा लुकलुकला की जरा मागे या, तिथे टेप लावा, खूण करा. आता दोघांचं छत एका उंचीवर आलं. सूर बंद केल्याशिवाय बॉक्स जोडू नका, हे सांगायला नको, पण सांगतो. अँप बॉक्सपेक्षा फार मोठा असेल तर सिग्नलला ठरलेल्या उंचीवर अडवणारा लिमिटर लागेलच.

याला अपवाद आहे. मध्ये डिजिटल प्रोसेसर असेल तर बटणं पूर्ण उघडी ठेवून त्याच्या आउटपुटवर पातळी बांधतात, आणि ते योग्यच. फक्त लिमिटर बटण खाली असताना लावला आणि नंतर कोणी बटण वर केलं, तर तो लिमिटर असून नसल्यासारखा.

यातून मिरवणुकीचा गोंगाट कमी होईल, असा माझा दावा नाही. भारतातल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. बॉक्सची भिंत उभी करणारा लेव्हल नीट लावूनही त्या मर्यादेत बसणार नाही. त्याला माझा सल्ला नकोच आहे. मी बोलतोय ते नाटक, कीर्तन, सत्कार आणि भाषणांबद्दल, जिथे शब्द कळला पाहिजे.

साउंडवाल्याशी ठरवताना एक अट घाला: पाहुणे येण्याआधीचा अर्धा तास हॉल त्याचा. तेवढ्या वेळात फुगेवाले, तोरणवाले, स्वागतगीताचा सराव, सगळं बाहेर. आणि वॉटचे जे पैसे वाचतील त्यातून एक धड माइक स्टँड भाड्याने घ्या. निवेदिकेला एका हातात माइक धरून दुसऱ्या हाताने कागद उलटावे लागतात, माइक हळूहळू हनुवटीखाली जातो, आणि मग सगळे आमच्याकडे वळून बघतात.